ठेवीच्या आधारावाचून

आपल्या इंदुरात नव्याने दवाखाना थाटणाऱ्या तरुण डॉक्टरांपाशी पगारपत्रक नसते, कर्जफेडीचा पूर्वेतिहासही नसतो. म्हणून पहिले क्रेडिट कार्ड पुष्कळदा मुदत ठेव तारण ठेवूनच मिळते. काही काळ बिले वेळेवर भरली की अधिक मर्यादेच्या विनातारण कार्डाचा प्रस्ताव येतो. तो स्वीकारावा, असे माझे मत आहे. पुढे सोनोग्राफी यंत्रासाठी कर्ज मागताना ३०० ते ९०० या मापातील सिबिल गुणांक पाहिला जातो. मर्यादा वाढून खर्च तेवढाच राहिला, तर वापराचे प्रमाण घटते आणि ते गुणांकाच्या पथ्यावर पडते.

मात्र खर्च तेवढाच राखणे सोपे नव्हे. (नव्या दवाखान्याच्या सजावटीचा मोह कोणास आवरतो?) केवळ ‘किमान देय रक्कम’ भरून स्वस्थ बसणाऱ्यास दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज पडू शकते, शिवाय नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. पूर्वी थकबाकी ठेवीतून वळती होऊ शकत असे. आता तो बांध नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढविता येत नाही. नको असल्यास निःसंकोच नाकारावी. स्वीकारल्यास जुने कार्ड बंद करून ठेवीवरील बोजा उतरल्याचे पत्र बँकेकडून लेखी घ्यावे.