बॅटमॅनच्या पोशाखाला माया

बंगळुरूच्या इंदिरानगरातले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. नववीतला मुलगा हातात चित्र घेऊन उभा राहतो. ''आई, मला हा पोशाख शिवून दे ना!'' चित्रात बॅटमॅन. काळे चिलखत, छातीवर वटवाघूळ, पाठीवर पायघोळ झूल. आई चित्राकडे बघते, मग कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे. ज्या मशीनवर आजवर झबली, ब्लाउज आणि पडदे शिवले, तिच्यावर हे कसे व्हायचे?

बाबांना मात्र गंमत वाटते. त्यांच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ होता. हा वेताळ अवतरला १९३६ साली, सुपरमॅन १९३८ मध्ये आणि बॅटमॅन १९३९ मध्ये. पण तेव्हाची मुले पुस्तक मिटून खेळायला जात. आजच्या मुलांना त्या पात्राचा वेश करून मिरवायचे असते. २०११ साली दिल्लीत सुरू झालेले कॉमिक कॉन पुढे बंगळुरूतही भरू लागले आणि घरी शिवलेले पोशाख घालून मुले तिथे हौसेने जाऊ लागली.

बाजारात मिळणारा सॅटिनचा पोशाख स्वस्त असतो, पण अंगावर लोंबतो. चित्रातला भारदस्तपणा हवा तर कॅनव्हास, डेनिम किंवा सोफ्याला लावतात ते रेक्झिन असे जाड कापड घ्यावे लागते. खरी कसोटी इथेच लागते. बंगळुरूत 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि' म्हटले, की माणसे सरकून जागा देतात. जाड कापड मात्र काही अ‍ॅडजस्ट करत नाही!

हॉलिवूडलाही ते चुकले नाही. १९८९च्या 'बॅटमॅन' चित्रपटात मायकेल कीटन यांचा मुखवटा मानेशी असा जखडलेला होता, की बाजूला बघायचे तर सगळे धड वळवावे लागे. २००८च्या 'द डार्क नाइट'मध्ये मुखवटा अंगापासून सुटा केला, तेव्हा कुठे बॅटमॅनची मान वळली. गृहिणीने यातला धडा आधीच घेतलेला बरा.

जाड कुठे, मऊ कुठे?

सगळा पोशाख जाड कापडाचा करू नये. छाती, खांदे, मांड्यांचा पुढचा भाग, पट्टा आणि हातमोज्यांची मनगटे एवढीच जाड ठेवावी. काख, कोपर, जांघ, गुडघ्याची मागची बाजू आणि दोन्ही कुशी येथे ताणले जाणारे काळे होजियरी कापड लावावे. जुन्या सदऱ्यांच्या काखेत चौकोनी तुकडा असे, तोही इथे जोडावा. म्हणजे हात वर करताना सगळा अंगरखा वर चढत नाही. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा शिवावा. सांधा पट्ट्याखाली झाकतो आणि स्वच्छतागृहात पंचाईत होत नाही.

महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवून मुलाला घालावा. त्याला खाली बसायला, वाकायला, जिना चढायला सांगावे. जिथे ताण पडेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. कॅनव्हास किंवा डेनिम असेल तर बेतण्यापूर्वी ते धुऊन घ्यावे, नाहीतर नंतर आटते.

मशीनची काळजी

नेहमीची बारीक सुई जाड थरांत मोडते. १६ किंवा १८ नंबरची सुई आणि मजबूत पॉलिएस्टर दोरा घ्यावा. टाका लांब ठेवावा. रेक्झिनवर बारीक टाके घातले तर टपाल तिकिटांच्या कडेसारखी भोके पडतात आणि कापड तिथेच फाटते. रेक्झिनला टाचण्या लावू नयेत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत. त्यावर गरम इस्त्रीही फिरवू नये. चार थर एकत्र येतात तिथे मोटार किंवा पायटा थांबवून चाक हाताने फिरवावे. शिवणीच्या आतले थर एकसारखे न कापता पायऱ्यांसारखे कमी-जास्त कापले, की गाठोडे होत नाही. छातीवरचे वटवाघूळ बाजू जोडण्यापूर्वी, कापड सपाट असतानाच शिवून घ्यावे.

झूल जपून!

झुलीचे वजन गळ्यावर कधीही टाकू नये. ती दोन्ही खांद्यांवर प्रेस बटणांनी अडकवावी, म्हणजे ओढ बसताच सुटून येते. इसाडोरा डंकन या जगप्रसिद्ध नर्तिकेचा १९२७ साली फ्रान्समध्ये अंत झाला, तो मोटारीच्या चाकात गळ्यातला लांब स्कार्फ अडकून. स्कूटरवर किंवा मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर झूल काढून पिशवीत ठेवायचीच, हा नियम मुलाकडून आधी कबूल करून घ्यावा. रेक्झिनमधून घाम जिरत नाही. आत सुती बनियन आणि जवळ पाण्याची बाटली हवी. कृत्रिम कापड पेटले तर वितळून कातडीला चिकटते, म्हणून पणती, शेगडी आणि फटाक्यांपासून लांब राहावे.

आणि हो, सगळे काम आईनेच का करावे? चिमटे लावणे, कापणे, सरळ शिवणी मारणे मुलाला सहज जमते. ''मुलांनी कुठे शिवायचे असते का?'' असे एखादी आजी म्हणेल. तिला आठवण करून द्यावी, की संत नामदेव शिंप्याच्याच घरचे. नामदेव शिंपी समाज कर्नाटकातही आहे आणि या समाजात पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या सुई धरली आहे. स्वतः उलटी शिवण उसवून पुन्हा घातली, की आईच्या पाठीचे दुखणे त्याला न सांगता समजते.

शेवटी एक गोष्ट. नववीतले मूल वर्षभरात पोशाखाबाहेर जाते. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. ती रेक्झिनमध्ये ठेवून उपयोग नाही. तिथे टाका उसवला तरी भोके उरतात. माया कुशीच्या मऊ पट्टीत सोडावी, दोन-दोन बोटे. पुढच्या वर्षी मुलगा पुन्हा चित्र घेऊन आला, तर नुसती शिवण उसवायची. आणि या वेळी मशीनवर त्यालाच बसवायचे.