‘आता देवावर सोडा’ म्हणणारे कोण?

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. पहिल्या केमोथेरपीने तो हटतो, घरात पेढे वाटले जातात आणि वर्ष-दोन वर्षांनी मानेत किंवा काखेत पुन्हा गाठ हाताला लागते. मग नातेवाईकांची बैठक बसते आणि कोणी वडीलधारे निर्वाणीच्या सुरात सांगतात, ‘आता देवावर सोडा.’ हे वाक्य श्रद्धेचे वाटते. प्रत्यक्षात ते पराभूत मनोवृत्तीचे असते. गीतेतील कर्मयोगाचा वारसा सांगणाऱ्या समाजाला ते शोभत नाही.

उलटलेला लिम्फोमा म्हणजे मृत्यूचे फर्मान नव्हे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पर्मा’ चाचणीने हे दाखवून दिले. वेगाने वाढणारा लिम्फोमा उलटला, तरी केमोथेरपीला पुन्हा दाद देत होता, अशा रुग्णांची ती चाचणी होती. नेहमीचीच औषधे पुढे चालू ठेवलेल्यांपैकी पाच वर्षांनी ३२ टक्के हयात होते. तीव्र केमोथेरपीनंतर स्वतःचीच अस्थिमज्जा परत दिलेल्यांपैकी ५३ टक्के. आता बहुधा रक्तातूनच मूलपेशी काढून गोठवून ठेवतात, तीव्र औषधांनी रोग जाळतात आणि मग त्या पेशी परत देतात. सुमारे दोन आठवड्यांत त्या रुजतात. हा उपचार सर्वांना झेपत नाही, सर्वांना तारतही नाही. परंतु तो नाकारण्याचा निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा असतो, बैठकीतल्या काकांनी नव्हे.

या निराशेवरच भोंदूंची दुकाने चालतात. आयुर्वेदाचे नाव घेऊन चूर्णाच्या पुड्या खपवल्या जातात आणि त्याला ‘स्वदेशी’ म्हटले जाते. ज्या परंपरेत सुश्रुताने शस्त्रकर्माची शिस्त घालून दिली, तिचा याहून मोठा अपमान कोणता? या पुड्यांपायी गेलेले तीन महिने रुग्णाला कोण परत देणार?

खरी स्वदेशी वेगळीच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ सालीच अस्थिमज्जा रोपण झाले. लिम्फोमावरील रिटुक्सिमॅब या महागड्या औषधाचा भारतीय पर्याय हैदराबादच्या कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या संशोधनातून ‘नेक्सकार-१९’ हा पेशी-उपचार सिद्ध झाला व २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींना कर्करोग ओळखायला शिकवणारा असा उपचार अमेरिकेत तीन-चार कोटींच्या घरात जातो. येथे तो त्याच्या लहानशा अंशात होतो. तरीही मध्यमवर्गीय घर विकायला लावील एवढी ती रक्कम आहे. शासनाने येथेच कंबर कसली पाहिजे. रोपणाची सोय मोजक्या महानगरांतच राहिली, तर गडचिरोलीच्या रुग्णाने काय करावे?

मात्र शासनाकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. अशा वास्तू प्रत्येक मोठ्या रुग्णालयाजवळ का नसाव्यात? आणखी एक कटू सत्य ऐकायला हवे. जयंती-पुण्यतिथीला रक्तदान शिबिरे होतात, छायाचित्रे छापून येतात. परंतु रोपण झालेल्या रुग्णाला मूलपेशी रुजेपर्यंत प्लेटलेट्सची गरज भासते आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. जानेवारीतले शिबिर मार्चमधल्या रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. त्याला हवा असतो बोलावताच दोन तास देणारा दाता. अशा दात्यांची यादी प्रत्येक नगरात तयार असणे हे शंभर भाषणांहून मोठे राष्ट्रकार्य आहे.

देवावर अवश्य सोडावे. पण आपल्या वाट्याचे कर्तव्य पूर्ण केल्यानंतर.