परमुलखातील सेवा आणि राळ्याचा भात

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले ते मुख्यतः व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील बोलपटामुळे. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या नावातच निकाल दिलेला आहे. नायक मरतो, म्हणून अमर! मला मात्र त्यांच्या मरणापेक्षा चीनमधील चार वर्षांचे जगणे अधिक मोलाचे वाटते, आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही अशी माझी तक्रार आहे.

काँग्रेसने चीनच्या मदतीस पाठविलेले पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख डॉ. अटल स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आलेले, म्हणजे मुरलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने वडील. सोलापूरचे कोटणीस तर अठ्ठाविशीच्या आतले. येनानला पोहोचेपर्यंत १९३९ चा फेब्रुवारी उजाडला.

तेथे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा हीच घरे आणि तेच इस्पितळ. थंडी उत्तर चीनची. पानात राळ्याचा भात! सोलापूरच्या माणसाला राळे अगदीच अनोळखी नसणार; पण कधीमधी हौसेने खाणे निराळे आणि दिवसामागून दिवस तेच पुढ्यात येणे निराळे. तरी अन्नाचे एक वेळ जमते. रोग्याला 'कुठे दुखते?' एवढे विचारण्यास दुभाष्या लागावा, ही खरी कोंडी. द्यावयास गेलेला शिकलासवरला मनुष्य आधी कित्येक महिने दुसऱ्याकडून घेतच असतो. चूल, वाट, शब्द, सारे उसने!

आपले पूर्वज होळकरांबरोबर माळव्यात आले ते सत्तेच्या पाठबळावर. ज्याच्या हाती सनद त्याला कुणाची भाषा शिकण्याची निकड नसते. म्हणून तर इतक्या पिढ्यांनंतरही आपल्या ओसरीवर मराठीच चालते. (त्याचा मला आनंदच आहे, नाही तर हे पान वाचले कुणी असते?) माळवी शिकल्या त्या आपल्या आज्या, भाजीवालीशी घासाघीस करता करता. स्वयंसेवकाजवळ सनद नसते. त्याला आजीच्याच वाटेने जावे लागते.

कोटणीस त्या वाटेने गेले. चिनी बोलावयास शिकले, लिहावयास शिकले आणि पुढे त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. मध्यंतरी घरून वडील गेल्याची बातमी आली. तरी ते परतले नाहीत. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाची धुरा १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली. त्याच वर्षी परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिनह्वा. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, 'ह्वा' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस गेले.

बाकीचे चौघे एकेक करून मायदेशी परतले. चोळकर तर १९३९ मध्येच. त्यांच्यावर बोलपट निघाला नाही. जो परत येतो त्याची सेवा आपण अर्धीच धरतो, हा आपला जुना खोडा.

आमच्या गल्लीतील एक परिचारिका दोन वर्षांच्या बोलीने टांझानियातील एका खेड्यात सेवेसाठी गेली आणि हिवतापाने खंगून आठव्या महिन्यात परतली. हळदीकुंकवाला जो तो एकच विचारतो, "काय गं, जमलं नाही का?" त्या आठ महिन्यांत ती काय शिकली, हे कुणी विचारीत नाही. मी विचारले. तिने एक स्वाहिली शब्द सांगितला, 'पोले'. कुणी ठेचकाळले, आजारी पडले, दमून आले, की समोरचा 'पोले' म्हणतो. त्यात चूक कुणाचीच नसते. तुझे दुःख मला दिसले, एवढाच अर्थ. ती तापाने पडली तेव्हा खेड्यातील बाया दाराशी येऊन तेवढे म्हणून जात.

परत येऊन तिला सहा महिने झाले. गल्लीत अजून तसे कुणी म्हटलेले नाही.