बंदराची वाट कोणाच्या पायांसाठी?

माझगावची भंडारवाडा टेकडी आणि शिवडीच्या किल्ल्याची टेकडी यांत अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटरचे. मध्ये डॉकयार्ड रोड, रे रोड व कॉटन ग्रीन ही स्थानके, दारूखान्यातील लोखंडाचे अड्डे, कौला बंदरची वस्ती, आणि पूर्वेला खाडी. मुंबईच्या पोटातून टेकडीपासून टेकडीपर्यंत पायी जाणारी सलग वाट आखायची, तर याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही.

ही कल्पना श्रीमंतांनाही सुचली आहे. बंदराची जमीन शहराला खुली करण्यासाठी राणी जाधव समिती २०१४ साली नेमली गेली. २०१८ साली पूर्व किनाऱ्याच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. खुल्या जागा, पर्यटन, किनाऱ्यावरचा फेरफटका ही त्यातील गोड फळे. पण या जमिनीवर आजही जो चालतो, त्याचे काय, हा प्रश्न आराखड्याच्या रंगीत चित्रांत कोठे दिसतो?

रे रोडला चालणे हा छंद नव्हे. ती मजुरी गाठण्याची रीत आहे. स्थानकावर उतरलेला हमाल, हातगाडीवाला, जुनी जहाजे तोडणारा कामगार, कौला बंदरातील मोलकरीण हे सारे पायीच जातात. मुंबई महानगर प्रदेशातील निम्म्याच्या आसपास प्रवास पायी होतो, हे सरकारी वाहतूक अभ्यासानेच २००८ साली नोंदविले. तरीही पैसा चाकांमागे धावला. २०१३ साली पूर्व मुक्तमार्ग खुला झाला आणि २०२४ साली शिवडीहून न्हावा शेव्याला जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. दोन्हींवर पादचाऱ्याला मज्जाव. खालच्या रस्त्यावर मात्र तो ट्रकच्या चाकांतून अंग चोरीत वाट काढतो.

विपर्यास असा, की या वाटेवरची नावे आपल्याच चळवळीची आहेत. टेकडीवरच्या उद्यानाला काका बॅप्टिस्टांचे नाव आहे, गोदीच्या रस्त्याला कामगारनेते पी. डिमेलो यांचे, आणि रे रोडच्या रस्त्याला बॅरिस्टर नाथ पै यांचे. पाटी समाजवाद्याची आणि रस्ता मोटारवाल्याचा, असा हा सन्मान!

कोणी म्हणेल, सुशोभित वाट झाली तर गरिबांचेही भलेच होईल. अनुभव तसे सांगत नाही. लंडनमध्ये १९८१ साली गोद्यांच्या पुनर्विकासासाठी महामंडळ आले. नदीकाठी चालण्याची वाट झाली, शेजारी महागड्या सदनिकाही झाल्या, आणि जुन्या गोदी कामगारांच्या मुलांना तेथे घर परवडेनासे झाले. कौला बंदरची स्थिती तर याहून नाजूक आहे. जमीन केंद्र सरकारच्या बंदराची, म्हणून राज्याच्या झोपडपट्टी कायद्याचे संरक्षण या वस्तीपर्यंत नीट पोहोचले नाही. रहिवाशांना वर्षानुवर्षे रबरी नळ्यांनी आणलेले पाणी विकत घ्यावे लागले. अशा वस्तीच्या दारातून सहलीची वाट निघाली, की पहिला नकाशा वाटेचा आणि दुसरा वस्ती हटविण्याचा असतो.

न्यायालयाकडेही डोळे मिटून पाहता येणार नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण पदपथावरील झोपड्या हटविण्याची वाटही मोकळी ठेवली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अतिक्रमणमुक्त पदपथ हा पादचाऱ्याचा हक्क ठरविला. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु पालिकेच्या लेखी अतिक्रमण म्हणजे फेरीवाल्याचे टोपले. पदपथावर चढविलेली मोटार आणि उभा ट्रक ही अतिक्रमणे नव्हेत काय? चालणाऱ्या गरिबाला राहणाऱ्या गरिबाशी लढविण्याचा डाव वेळीच ओळखला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांची मागणी स्पष्ट हवी. वाट जरूर व्हावी, पण तिचा आरंभ खाडीच्या देखाव्यापासून नव्हे, रे रोड स्थानकाच्या दारापासून व्हावा. आधी सलग पदपथ, सुरक्षित ओलांडणी, सावली, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे. बाक आणि दिवे मागाहून. मार्गरेषा वस्ती व कामगार संघटनांसमोर बसून ठरावी. पुनर्वसनाची लेखी हमी हाती पडल्याशिवाय एकही झोपडी हलता कामा नये. हे मान्य नसेल, तर ती वाट लोकांची नव्हे, जमिनीच्या व्यापाऱ्यांची आहे, हे घरोघरी जाऊन सांगावे लागेल. आणि ते सांगायलाही पायीच जावे लागेल.