चालू झाला म्हणजे बरा झाला?

लिनक्सचा संगणक दहापैकी नऊ वेळा नीट सुरू होतो आणि एखाद्या वेळी अर्ध्यावरच कोसळतो, तेव्हा सल्ला ठरलेला असतो : बटण दाबून धरा, पुन्हा चालू करा, नाहीच जमले तर फॉरमॅट मारून नव्याने इन्स्टॉल करा. यामागचा युक्तिवाद असा की, काहीही न बदलता कधी चालते, कधी नाही, म्हणजे हा निव्वळ योगायोग. शोधायला जावे तर दोष दिसत नाही. आणि नव्याने इन्स्टॉल केले की सगळे सुरळीत होते. यातला एकही मुद्दा मला मान्य नाही.

आधी योगायोगाचा मुद्दा. ‘काहीच बदलले नाही’ हेच मुळात खरे नाही. लिनक्स सुरू करणारी सिस्टिमडी अनेक सेवा एकाच वेळी सुरू करते; त्यांतली कोणती आधी तयार होईल, हे दर वेळी सारखे नसते. दोन डिस्क असतील तर आजची ‘एसडीए’ उद्या ‘एसडीबी’ होऊ शकते. कोणती डिस्क कुठे माउंट करायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडी या कायम ओळखक्रमांकाऐवजी ही नावे लिहिली असतील, तर एखाद्या सकाळी डिस्क माउंटच होत नाही. कारण पक्के असते, फक्त ते रोज जुळून येत नाही.

आता नव्याने इन्स्टॉल करण्याचे पाहू. २०१९ साली लिनक्सचा कर्नल ५.३ तयार होत असताना एक लॅपटॉप सुरू होताना अडकू लागला. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये डिस्कचे वाचन कमी करणारी चांगली सुधारणा झाली होती. पण यादृच्छिक आकड्यांसाठी लागणारी अनिश्चितता कर्नल डिस्कच्या अशाच हालचालींच्या वेळांतून गोळा करत असे. हालचाल घटली, साठा भरेना, आणि ते आकडे मागणारा प्रोग्राम वाट पाहत थांबला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी १५ सप्टेंबरला, ५.३ प्रसिद्ध करतानाच, ती सुधारणा मागे घेतली; ५.४ मध्ये साठा भरण्याची सोय कर्नलमध्येच झाली. फॉरमॅट मारून इथे काय साधले असते? तोच कर्नल आणि तीच फाइल सिस्टिम पुन्हा बसली असती.

‘नंतर सुरळीत झाले’ हा पुरावाही कच्चा आहे. ताप उतरला म्हणून हिवताप गेला, असे कोणी म्हणत नाही. दोष दहांत एकदा येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता सलग दहा वेळा संगणक नीट सुरू होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. ती ५ टक्क्यांखाली यायला सलग २९ यशस्वी बूट लागतात. एवढे कोण मोजतो?

उरला ‘दोष दिसत नाही’ हा आक्षेप. तो दिसत नाही, कारण आपणच तो झाकून ठेवतो. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढा, एफ१० दाबा. लोगोच्या जागी कर्नलचे संदेश दिसतील. कोसळला की शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो घ्या. सिस्टिमडीची नोंदवही, म्हणजे जर्नल, डिस्कवर राहील अशी सोय करा, म्हणजे ‘जर्नलसीटीएल -बी -१’ आधीच्या बूटची हकिकत सांगेल. डिस्क माउंट होण्याआधीच कोसळत असेल तर पीस्टोअर तपासा. कर्नलचे अखेरचे संदेश अनेकदा तिथे उरतात. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा, कारण खराब रॅम कितीही वेळा इन्स्टॉल करून सुधारत नाही. मग जुना कर्नल निवडून वर सांगितलेले २९ बूट करून पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बूट वहीत नोंदवा.

काम खोळंबले असताना संगणक पुन्हा चालू करण्यात गैर काही नाही. तोच इलाज समजण्यात गैर आहे. फॉरमॅट मारणारा फार तर स्वतःपुरता सुटतो आणि पुरावा पुसून टाकतो. लिनक्सचा उगमसंकेत (सोर्स कोड) सर्वांसाठी खुला आहे, म्हणून एकाने नीट नोंदवलेला दोष जगभरच्या संगणकांतून जाऊ शकतो. २०१९ चा दोष तसाच गेला. फुकट मिळालेल्या या प्रणालीसाठी वापरणाऱ्याने एवढी नोंद ठेवावी, ही अपेक्षा मला रास्तच वाटते.