आश्वासनांचा जमाखर्च

दूधगंगेच्या पुलावर उभ्या राहिलेल्या कोगनोळीकरास दोन राज्यांचे औदार्य एकाच वेळी दिसते. पुलाच्या अलीकडे कर्नाटक सरकार २०२३ पासून 'गृहलक्ष्मी'च्या नावे कुटुंबप्रमुख स्त्रीस दरमहा २,००० रुपये देत आले आहे. पलीकडे कागलात नांदणाऱ्या तिच्याच बहिणीस महाराष्ट्र सरकार २०२४ पासून 'लाडकी बहीण' म्हणून १,५०० रुपये देत आले आहे. इकडे स्त्रियांस साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट, तर तिकडे निम्म्या तिकिटात. दोन्ही तीरांवर सोयरीक असलेल्या आमच्या गावांत कोणते सरकार अधिक दिलदार, यावर पारावर वाद झडतात. परंतु हा पैसा येतो कोठून आणि किती दिवस येणार, हा प्रश्न त्या वादात क्वचितच निघतो. तो आज आम्ही काढीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गरिबाच्या घरात चार पैसे पडले की त्यास 'रेवडी' म्हणून हिणवणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. निपाणीत दिवसभर मान मोडून विड्या वळणाऱ्या बाईस महिन्याकाठी दोन हजार रुपयांचे मोल काय, हे तिलाच ठाऊक. परंतु तो पैसा मध्येच आटू नये अशी ज्याची इच्छा असेल, त्याने आधी हिशेब मागितला पाहिजे.

हिशेब अवघड नाही. दरमहा १,५०० म्हणजे वर्षास १८,०००. बहिणी अडीच कोटी धरल्या तर ४५,००० कोटी रुपये. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ४६,००० कोटींचा वार्षिक खर्च सांगितला, तो याच्याशी जुळतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी २,१०० चे वचन दिले, म्हणजे ६३,००० कोटी. विरोधकांनी ३,००० चे दिले, म्हणजे ९०,००० कोटी. सभांतून रुपयांचा आकडा गर्जत राहिला. कोटींचा आकडा मात्र कुजबुजीतही ऐकू आला नाही. पुढे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद ३६,००० कोटींवर आली, आणि २,१०० चा त्यात पत्ता नव्हता!

हिशेब न सांगता दिलेल्या वचनाचे बिल कोणाच्या दारी जाते, तेही पाहण्यासारखे आहे. कर्नाटकाच्या पाच हमींचा भार वर्षास ५० हजार कोटींच्या वर गेला. २०२३-२४ साली अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेतील सुमारे ११ हजार कोटी रुपये त्यांकडे वळवण्यात आले. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये सामाजिक न्याय व आदिवासी विकास खात्यांचा निधी लाडक्या बहिणींकडे वळला. लाभार्थ्यांत दलित-आदिवासी स्त्रियाही आहेतच, हे सरकारांचे उत्तर खोटे नाही. पण एकाच माणसाच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलेल्या पैशास औदार्य म्हणत नाहीत. आयजीच्या जीवावर बायजी उदार, ती हीच!

मजुरीच्या वचनाचा हिशेब निराळा आहे. किमान वेतन वाढवण्यास खजिन्यास फारसे काही पडत नाही, भार मालकावर पडतो. म्हणून जाहीरनाम्यात ते सर्वांत स्वस्त आणि अंमलात सर्वांत कठीण. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा केरळ राज्याने १९६८ मध्ये लागू करावयास घेताच मंगळूरच्या बड्या कारखानदारीने तेथील काम बंद केले आणि हजारो कामगार उघड्यावर पडले. १९६९ ची दिनेश विडी सहकारी संस्था त्या संकटातूनच उभी राहिली. तंबाखू आणि पाने पूल ओलांडावयास किती वेळ लावतात, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. मजुरीचे वचन देणाऱ्याने तपासनीस किती नेमणार आणि धंदा नदीपार गेला तर काय करणार, हेही सांगितले पाहिजे.

आता विजेचे पाहू. 'गृहज्योती'स वर्षाकाठी सुमारे दहा हजार कोटी लागतात. घरे दीड कोटीहून अधिक. म्हणजे घरामागे सहा हजारांच्या आसपास, आणि तेही दरवर्षी. केंद्राची २०२४ ची सूर्यघर योजना छतावरील दोन किलोवॅटच्या सौरसंचास ६०,००० रुपये एकदाच देते. दहा वर्षांच्या माफीइतक्या रकमेत पंचवीस वर्षे टिकणारा संच उभा राहतो. खजिन्यास हा सौदा लाभाचाच. पण संचाची उरलेली किंमत घरमालकाने घालावयाची असते. भाड्याच्या खोलीत पत्र्याखाली राहणारी विडी कामगारीण तो पैसा कोठून आणील आणि संच मांडील कोठे? तिच्यासाठी गावाच्या सामाईक जागेवर वीजनिर्मिती करावी लागेल, आणि त्याचा खर्च आजच मांडावा लागेल.

हे असाध्य नाही. तासगावच्या मातीत वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा प्रयोग केला, तिच्यासाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर उघडपणे व्यवसाय कर बसवला, आणि १९७७ च्या कायद्याने सरकारनेही तितकीच भर घालावयाचे ठरले. खेड्यातील मजुरी कोण देणार, हे शहरास तोंडावर सांगितले गेले. म्हणूनच ती हमी टिकली आणि पुढे देशास उदाहरण झाली.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये आचारसंहितेत घातले की, आश्वासनासाठी पैसा कसा उभारणार हे जाहीरनाम्यात स्थूलमानाने सांगावे. २०२२ मध्ये आयोगाने त्यासाठी ठराविक तक्ताच पक्षांपुढे ठेवला. नेदरलँड्समध्ये तर १९८६ पासून एक सरकारी अर्थसंस्था पक्षांच्या कार्यक्रमांचा हिशेब निवडणुकीपूर्वीच प्रसिद्ध करीत आली आहे. आपल्याकडे तशी संस्था होईल तेव्हा होवो. मतदाराने तोवर थांबण्याचे कारण नाही.

पुढल्या निवडणुकीत कोणत्याही रंगाचा झेंडा घेऊन उमेदवार कोगनोळीच्या वेशीत आला, तर त्याचे हार-तुरे होऊ द्यावेत आणि मग तीन प्रश्न विचारावेत: एकूण किती लागतील? कोणाकडून घेणार? आणि पाच वर्षांनंतर काय? उत्तर देणाऱ्याचे वचन पदरात घ्यावे. न देणाऱ्यास नमस्कार करून पुलाची वाट दाखवावी.