सॅक जुनी, वाट नवी

काय दोस्तांनो, यंदा हिवाळ्यात किल्ल्यावर मुक्कामाला जायचं म्हणताय ना? आणि घरून उत्तर काय आलं? "ते बूट, ती सॅक, ती स्लीपिंग बॅग... एवढा खर्च कशाला?" आई-बाबांचं काही चूक नाही. पण निम्मं सामान तर घरातच पडलेलं असतं. शोधा पाहू!

राजमाचीचंच घ्या. लोणावळ्याहून साधारण 15 किलोमीटरची चाल. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी गाव आहे. तिथे घरगुती जेवणाची, राहण्याची सोय होते. म्हणजे तंबू नको, स्टोव्ह नको!

सॅक म्हणून शाळेचं दप्तर चालेल, फक्त पट्टे रुंद हवेत. आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि कपडे त्यात ठेवा. बाटली सांडली तरी कपडे कोरडे! झोपायला सतरंजी आणि चादर. सतरंजीखाली वर्तमानपत्रांचे पाच-सहा थर अंथरा. कागदांमध्ये हवा अडकते आणि हवा उष्णतेची दुर्वाहक, हे विज्ञानात शिकलात ना? जमिनीचा गारठा मग पाठीला लागत नाही. खाऊ कोणता? दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे.

आता काटकसर कुठे करायची नाही, ते नीट ऐका. बुटांचा तळ झिजलेला नको; कातळावर पाय सटकतो. महाग नसले तरी चालतील, पण आठवडाभर घालून सैलावलेले हवेत. टॉर्च वेगळी घ्या. मोबाइलचा दिवा जाळत बसलात, तर दिवाही जाईल आणि फोनही! गळ्यात शिट्टी असू द्या. ओरडून घसा बसतो, शिट्टीचा बसत नाही. सोबत वाट माहीत असलेली मोठी माणसं हवीतच. आणि कुठे जाणार, कोणाबरोबर, कधी परतणार, ही चिठ्ठी घरी ठेवूनच निघायचं.

पाणी 2 लीटर, म्हणजे झाले 2 किलो. तुमचं वजन 40 किलो असेल, तर भरलेली सॅक 5 किलोंच्या आसपासच ठेवा.

या रविवारी सॅक भरा, वजन करा आणि पाठीवर घेऊन तासभर चाला. खांदे कुरकुरले, तर सामान कमी करा. काय काढायचं ते तुम्हीच ठरवा. पाणी आणि टॉर्च मात्र नाही हं!